लेकराची फेरी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, आणि कस्तुरी एवढी दचकली की तिच्या कोपराचा धक्का लागून चहाचा कप टेबलावरून पडता पडता राहिला.

तोवर घरात कसलाच आवाज नव्हता. सकाळचे सहा वाजले होते. जानेवारीचं दाट धुकं खिडकीला टेकलं होतं, आणि रुंजी, तिची पाच वर्षांची लेक, आतल्या खोलीत गोधडीत मुटकुळं करून झोपली होती. ती उठेपर्यंतचा तास कस्तुरीचा. दिवसभरात तिच्या एकटीच्या वाट्याला येणारा तेवढाच. त्या तासात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती गाड्यांच्या पत्रिका वाचायची.

तिनं गॅस बंद केला. निम्मं दूध ओट्यावर सांडलं होतं. एरवी तिनं हातासरशी फडकं फिरवलं असतं. आज ती तशीच परत येऊन संगणकाच्या पडद्यासमोर बसली आणि एकसष्टावी नोंद चौथ्यांदा वाचली.

समोरची उजवी बाजू. वेग ताशी बावन्न किलोमीटर. धडक मऊ वस्तूशी. वस्तूचं वजन चाळीस ते पंचेचाळीस किलो. धडकेआधी ब्रेक नाही. धडकेनंतर पूर्ण ब्रेक.

'मऊ वस्तू' हे शब्द यंत्राला तिनंच शिकवले होते. दगड, भिंत, दुसरी गाडी, झाड या सगळ्या कडक वस्तू. बाकी राहिलं ते मऊ. बाकी काय काय राहतं, याचा विचार तिनं तेव्हा फारसा केला नव्हता.

पेट्रोलवरच्या नव्या स्पोर्ट्स कार बनणं बंद होऊन सात वर्षं झाली होती, आणि बंद झाल्यापासूनच लोकांना त्यांचं वेड लागलं होतं. विजेच्या गाड्या त्यांच्यापेक्षा जोरात पळत, पण मुकाट पळत. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना आवाज हवा होता. त्यामुळे जुन्या गाड्या हातोहात फिरत, आणि प्रत्येक हातात थोड्या थोड्या खोट्या होत जात. मीटर मागे फिरवलेले, रंग नवा दिलेला, अपघात पुसलेले. यातूनच तंतुवाचक हे यंत्र जन्माला आलं.

या गाड्यांचा सांगाडा पोलादाचा नसतो. केसाहून बारीक कार्बनचे धागे विणून, त्यात राळ मुरवून, भट्टीत भाजून तो घडवलेला असतो. पोलाद वाकतं आणि ठोकून सरळ करता येतं. कार्बन वाकत नाही, तो आतल्या आत चिरतो. खड्ड्यातला दणका, गतिरोधकाला घासलेलं पोट, कचकन दाबलेला ब्रेक, अशा प्रत्येक वेळी राळेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांचा एक जुडगा उमटतो. तळ्यातला चिखल वाळताना तडे जातात, ते नीट बघितले तर कळतं की नंतर आलेला तडा आधीच्या तड्यापाशी येऊन थांबतो, त्याला ओलांडून पुढे जात नाही. राळेतही तसंच. कोण कुणापाशी थांबलं ते बघत गेलं, की आधी काय घडलं आणि नंतर काय, याची ओळ लागते. शिवाय राळ हवेतली ओल पिते. भेगेच्या कडेनं प्रत्येक पावसाळ्याचं एक वळं उमटतं, झाडाच्या खोडात उमटावं तसं. कानाला ऐकू न येणारा आवाज सांगाड्यातून सोडायचा, परत आलेले प्रतिध्वनी पकडायचे आणि संगणकाला उलटं गणित घालायचं: असा प्रतिध्वनी येण्यासाठी या गाडीच्या आयुष्यात काय काय घडलेलं असावं?

बाजारानं या अहवालाला पत्रिका हेच नाव दिलं. आता पत्रिकेशिवाय देशात एकही गाडी नावावर होत नव्हती. वाचन सुरू केलं की गाडीचा नंबर आपोआप नोंदणी कार्यालयात जायचा आणि चार दिवसांत पत्रिका गेली नाही तर तिकडून दुसरा वाचक यायचा. कस्तुरी परवानाधारक वाचक होती. कोल्हापूरच्या बाहेर हायवेला लागून तिच्या सासऱ्यांचं, तात्या सरगरांचं, जुन्या गाड्यांचं आवार होतं. नवरा धैर्यशील गाड्या आणायचा, तात्या सौदे करायचे, आणि कस्तुरी खरं काय ते लिहायची. तिच्या सहीची पत्रिका म्हटल्यावर पुण्यामुंबईचे लोक डोळे मिटून पैसे मोजत.

तिनं नोंदीची तारीख काढली. भेगेभोवती पावसाळ्याचं वळं एकही नव्हतं. म्हणजे धडक गेल्या पावसाळ्यानंतरची. ओल किती आत गेली ते बघितलं. नऊ आठवडे, इकडेतिकडे आठवडाभर. नोव्हेंबरचा मधला पंधरवडा.

आणि ही पिवळी गाडी दसऱ्यापासून त्यांच्याच आवारात होती.

किल्ल्या दोघांकडे असत, धैर्यशीलकडे आणि तात्यांकडे. तात्यांना गाडी चालवता येत नव्हती.

•

चारच दिवसांपूर्वी, रविवारी तर सगळं हसण्याखिदळण्यात चाललं होतं.

सांगलीचे दातांचे डॉक्टर जहागीरदार तिसऱ्यांदा गाडी बघायला आले होते. कस्तुरी रुंजीला भरवत भरवत वरच्या गॅलरीतून ऐकत होती. पिवळीच्या भोवती तिघं उभे राहून तासभर वाद घालत होते.

"फक्त सहा हजार किलोमीटर," धैर्यशील म्हणाला. "मालक तीन झाले, पण तिघांनीही रविवारशिवाय बाहेर काढली नाही."

"म्हणजे उरलेले सहा दिवस उभी," डॉक्टर म्हणाले. "उभ्या गाडीचं रबर वाळतं, सगळे सांधे धरतात. मी तर म्हणतो, पळालेली गाडी केव्हाही चांगली."

"मग ती लाल पंचवीस हजार पळालीय, ती दाखवली तेव्हा नाक का मुरडलंत?"

"लाल आहे म्हणून! लाल सगळ्यांकडेच असते."

तात्या खुर्चीत बसून तंबाखू मळत होते. सगळी उमर त्यांनी खरसुंडीच्या बाजारात बैल विकण्यात काढली होती. मुलानं गाड्यांचा धंदा काढला तेव्हा ते नुसते येऊन बसायला लागले, आणि वर्षभरात सगळे सौदे त्यांच्या हातात गेले.

"किलोमीटरचं काय घिऊन बसलायसा डाक्टर," ते म्हणाले. "बैलाचं दात बी घासून नवं करत्यात आन् तुमच्या मीटरचं आकडं बी. तुमी तर दातांचं डाक्टर, तुमास्नी कोन शिकवणार?"

"तात्या, मला एवढंच सांगा, पाच वर्षांनी विकायची म्हटली तर काय येईल?"

"तवा पेट्रोल मिळालं तर दुप्पट."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर दिवाणखान्यात हुबी करा. पावनं चा पिऊन जातील."

"बायको म्हणते, त्यापेक्षा प्लॉट घ्या."

"प्लॉटचा असा आवाज होतो का, विचारा वहिनींना," असं म्हणून धैर्यशीलनं आत हात घालून इंजिन चालू केलं.

अंगण थरथरलं. गॅलरीचा कठडा कस्तुरीच्या हाताखाली थरथरला. रुंजीनं घास तोंडात तसाच ठेवून टाळ्या पिटल्या. आणि डॉक्टरांचा पन्नाशीचा चेहरा बघता बघता सात वर्षांच्या पोराचा झाला. तो चेहरा तात्यांनी बघितला. ते उठले, खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी डॉक्टरांच्या उजव्या हातावर टाकलं आणि आपला हात त्याखाली घातला. बैलबाजारात भाव बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून सांगतात. डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं, त्यासाठीच तर ते सांगलीहून इथं येत. उपरणं जरा वेळ वळवळलं, मग थांबलं.

"झालं," तात्या म्हणाले. "गुरवारी अकराला घिऊन जावा."

"पत्रिकेसकट ना?"

"तर! आमची सून लिवून देनार."

"तात्या," धैर्यशील घाईघाईनं म्हणाला, "ही आपण दुबईला पाठवणार होतो ना? तिकडं पत्रिका लागत नाही."

"आता हात दिला न्हवं मी? हात दिल्यावर दुबई बी न्हाई आन् आबुधाबी बी न्हाई." मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी छातीवर हात ठेवला. "लेकराच्या फेरीची गाडी हाय डाक्टर. शब्द देतो."

कस्तुरीनं गॅलरीतून त्यांच्याकडे रागानं बघितलं, आणि तात्यांनी लगेच आभाळ बघायला सुरुवात केली.

ही सरगरांच्या घरातली जुनी रीत. बैल बाजारात नेण्याआधी त्याचा कासरा घरच्या लहान लेकराच्या हातात द्यायचा आणि शिवाराला एक फेरी मारायची. लेकराच्या हातानं मुकाट चालला तो बैल गरीब, बिनधोक. मग गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचं, लेकराच्या फेरीचा आहे. बैल गेले, गाड्या आल्या, तरी फेरी राहिली. रुंजी तीन वर्षांची असल्यापासून तात्या धैर्यशीलला तिला प्रत्येक गाडीत बसवून एक चक्कर मारून आणायला सांगत. या गाड्यांना मागची सीट नसते, लहान मुलाची खुर्ची बसत नाही, पट्टा पोरीच्या गळ्यावर येतो. गेल्या वर्षी कस्तुरीनं भांडून ते बंद करवलं होतं. तात्या नुसतं बोलण्यापुरतं बोलतात, असं ती त्या दिवशी समजली. आणि धैर्यशीलचा चेहरा उतरला होता, तेव्हा उपरण्याखाली भाव कमी ठरला असेल, असं तिला वाटलं.

•

आज सकाळी आठला धैर्यशील बेळगावहून परतला. कस्तुरीनं त्याला पाणी दिलं. तात्यांच्या देखत ती त्याला अहो म्हणायची, पण दोघं कॉलेजपासूनचे, दार लावलं की तू.

"धैर्या, पिवळीनं नोव्हेंबरमध्ये कशाला तरी धडक दिलीय."

बुटाची नाडी सोडता सोडता त्याची बोटं थांबली. मग पुन्हा हलायला लागली.

"पोतं होतं," तो म्हणाला. "भुश्श्याचं. ट्रकमधनं पडलेलं. करंजफाट्याच्या वळणावर."

"मला बोलला नाहीस ते?"

"काय बोलायचं? बंपर बदलला, विषय संपला. तूच म्हणालीस ना, चाळीसच्या आतलं तुझ्या यंत्राला ऐकूच येत नाही."

"दिवाळीनंतर मी नवे कान बसवलेत त्याला. आणि तू चाळीसच्या आत नव्हतास. बावन्न."

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"एकटाच होतास?"

"मग आणि कोण असणार? एकटाच." तो उठला. "लिही की पोतं म्हणून. डॉक्टर काय भुश्श्यासाठी सौदा मोडतोय होय?"

तो आंघोळीला गेला आणि कस्तुरीच्या छातीवरून शिळा उतरल्यासारखं झालं. भुश्श्याचं पोतं. असतंच की चाळीस-पंचेचाळीस किलोचं. सकाळपासून आपण काय काय मनात आणलं, याची तिला लाज वाटली. भुसा आणि माणूस यातला फरक यंत्राला कळत नव्हता. तो तिनं शिकवलाच नव्हता. शिकवायचा तर कुणाला तरी गाडीसमोर उभं करावं लागलं असतं.

एकसष्टाव्या नोंदीपुढे तिनं शेरा लिहिला: पोतं.

आता पत्रिकेतलं शेवटचं पान राहिलं होतं, आसनांचं. या गाड्यांच्या सीटचं कवचही कार्बनचं. नुसत्या बसण्यानं त्यात काही उमटत नाही. पण करकचून ब्रेक लागला की बसलेलं माणूस पट्ट्यावर आदळतं, पट्टा कवचाला ओढतो, आणि तो ओढा त्यात राहतो. चालक किती वजनाचा होता हे त्यावरून कळतं. गिऱ्हाइकं हे पान उघडतसुद्धा नाहीत. कस्तुरीनं सवयीनं उघडलं.

एकसष्ट. उजवं आसन: एकोणऐंशी किलो.

डावं आसन: सतरा किलो.

बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू होता. कस्तुरी त्या आकड्याकडे बघत राहिली.   मागच्याच महिन्यात बालवाडीच्या तपासणीत बाईंनी कार्डावर हिरव्या पेनानं लिहिलं होतं: रुंजी सरगर, वजन सतरा किलो, दात उत्तम.

•

"आई, दुखतंय. हळू विंचर."

"हळूच विंचरतेय गं, सोन्या."

रुंजी तिच्या पुढ्यात पाटावर बसली होती. केसांना झोपेचा ऊबदार वास येत होता. कस्तुरीनं आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"पिवळ्या गाडीतनं फेरी मारलीस तू?"

मान एकदम ताठ झाली. "ते गुपित आहे."

"आईपासून पण?"

"आईपासूनच." रुंजीनं थोडा विचार केला. "तुला कळलं तर फेरी बंद होणार. तात्या म्हणाले. आणि बाबा पण म्हणाले."

"मी नाही रागावणार. मजा आली का?"

"खूऽऽप. मी म्हटलं, बाबा, आवाज कर ना. मग बाबानं मोठ्ठा आवाज केला. मी हसले, बाबा पण माझ्याकडे बघून हसला." ती थांबली. "मग धप्प झालं. माझा पट्टा इथं लागला. बाबा खाली उतरला. मला म्हणाला, डोळे मीट."

"मग मिटलेस?"

"थोडे."

कस्तुरीनं बट हातात धरून ठेवली. ती विंचरायला हात हलेना. "काय होतं गं ते, रुंजी?"

"पोतं," रुंजी पाठ केलेली कविता म्हणावी तशी म्हणाली. "भुश्श्याचं पोतं. ट्रकमधनं पडलेलं." मग तिनं आपला चिमुकला हात पुढे केला आणि मनगट एका बाजूला विचित्र वाकडं धरलं. "त्या पोत्याचा हात असा होता. हिरव्या बांगड्या होत्या त्याला."

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा वाजल्या. कस्तुरीनं लेकीचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी धरलं. एवढं घट्ट, की रुंजी कुरकुरली, "आई, वेणी!"

तिनं वेणी घातली. रिबीन बांधली. कशी बांधली तिला कळलं नाही. मग रुंजीला खाली तात्यांकडे नाष्ट्याला पाठवून तिनं फोनवर शोधलं. फार शोधावं लागलं नाही. नोव्हेंबरची सतरा तारीख, जिल्हा पान, चार ओळी. करंजफाट्याजवळ गवताचा भारा घेऊन निघालेल्या यसाबाई धुमाळ, वय बासष्ट, यांना अज्ञात वाहनाची धडक. पाऊण तासानं एका दूधवाल्याच्या नजरेस पडल्या. नऊ दिवसांनंतरच्या अंकात आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचून तिनं फोन पालथा ठेवला.

•

धैर्यशील आवारात पिवळीला मऊ फडकं मारत होता. धुकं विरलं होतं, गाडी उन्हात हळदीसारखी पिवळीधमक दिसत होती. कस्तुरी जवळ येऊन उभी राहिली. पलीकडे ऑफिसच्या पायरीवर तात्या रुंजीला उप्पीट भरवत होते, म्हणून ती खालच्या आवाजात बोलली.

"तिच्या हातात बांगड्या होत्या, धैर्या."

फडकं थांबलं. तो वळला नाही. मग गाडीच्या चाकाला पाठ लावून तो हळूहळू खाली बसला, फरशीवर.

"मी उतरलो होतो," तो म्हणाला. "देवाशपथ, उतरलो होतो. श्वास चालू होता तिचा. मी फोन काढला. आणि वर बघितलं तर रुंजी काचेतनं बघत होती. मला वाटलं, पोलीस येतील, हिच्यासमोर... तेवढ्यात मागून एक टेम्पो येताना दिसला. म्हटलं, तो थांबेल. म्हणून निघालो."

"थांबला?"

"मी आरशात बघितलं नाही."

"पाऊण तास पडून होती ती. नऊ दिवसांनी गेली."

त्यानं तोंडावर हात घेतले. ही बातमी त्यानं वाचली नव्हती. दोन महिने त्यानं जिल्हा पान उघडलंच नव्हतं, हे कस्तुरीला आत्ता, त्या क्षणी कळलं. रोज सकाळी वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं का असायचं, ते.

"मी भिंतीवर घालतो हिला," तो एकदम म्हणाला. "आत्ता. पुढचा सगळा चुरा करतो. वरून एवढ्या भेगा पडतील की..."

"नवी भेग जुनीपाशी येऊन थांबते. पुसत नाही तिला."

"मग जाळतो."

"अकराला डॉक्टर येतायत. आणि गाडीचा नंबर रविवारीच कार्यालयात गेलाय. आज पत्रिका गेली नाही तर उद्या दुसरा वाचक येईल. राख जरी असली तरी ती का झाली, हे विचारत येईल."

"मग लिही ना पोतं!" त्याचा आवाज चढला, तात्यांनी तिकडून मान वर केली. तो पुन्हा पुटपुटला, "यंत्र तेच म्हणतंय. मऊ वस्तू. तू काही खोटं लिहीत नाहीस."

"आणि सतरा किलो?"

"कुठले सतरा किलो?"

तिनं त्याला सांगितलं. आसनाचं कवच, पट्टा, ओढा. सांगता सांगता तिनं त्याचा चेहरा बघितला. आतापर्यंत तिथं अपराध होता, आता भीती आली. तिच्या मनात सकाळपासून होती तीच, नेमकी तीच. दोघांची एकच भीती एकमेकांकडे बघत राहिली.

"नाव आहे तिचं त्यात?"

"वजन आहे. नाव लावायला कितीसा वेळ लागतोय?"

"तिला बसवतील, कस्तुरी. एखाद्या खोलीत खेळणी मांडून. बाई असेल गोड बोलणारी. बाबा काय म्हणाला, सांग. बाबानं काय केलं, दाखव. ती दाखवेल. तिला सगळं दाखवायला आवडतं." त्यानं तिचा पदर मुठीत धरला. "मी जातो. ऐक, मी जातो ठाण्यात. माणूस म्हणून लिही, बाई म्हणून लिही, मी कबूल करतो सगळं. एकटाच होतो म्हणून सांगतो. फक्त ते शेवटचं पान लिहू नको. तिला यात आणू नको."

"तो टेम्पो येईपर्यंत तरी थांबला असतास तर..." ती म्हणायला गेली आणि थांबली. पुढचं वाक्य कितीही खरं असलं, तरी आता त्याचा यसाबाईंना उपयोग नव्हता.

"रुंजीऽऽ," पलीकडून तात्यांचा आवाज आला, "एक घास चिऊचा गं." त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. ते आनंदात होते. अकराला सौदा पुरा होणार होता.

•

साडेदहा वाजता कस्तुरी पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. ओट्यावरचं दूध वाळून पापुद्रा झाला होता.

एकसष्टाव्या नोंदीपुढचा 'पोतं' हा शब्द तिनं खोडला. लिहिलं: माणूस. चालकानं मान्य केलं आहे. हे लिहिताना मनाला थारा होता. खरं होतं ते.

मग शेवटचं पान. वरती दोन चौकोन होते. आसनवाचन झालं. आसनवाचन झालं नाही. एकात खूण करायची.

सहा वर्षांत तिनं एकदाही खोटी खूण केली नव्हती. एका मंत्र्याच्या भाच्याची गाडी तिनं परत पाठवली होती. तात्या चिडून दोन दिवस जेवले नव्हते, तरी तिनं सही केली नव्हती. आपल्या सहीचा तिला केवढा अभिमान होता. आणि त्या सहीपलीकडे आता एक खोली होती, खेळणी मांडलेली, गोड बोलणारी बाई बसलेली, आणि तिच्यासमोर मनगट वाकडं करून दाखवणारा एक चिमुकला हात.

तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली.

त्यानं काही पुसलं जाणार नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? गाडी कुठंतरी राहील, पोलिसांच्या आवारात, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या दिवाणखान्यात. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी कुणीतरी आणखी चांगले कान लावून तिला ऐकेल. रुंजी मोठी होईल, तिला स्वतःची लेकरं होतील. पण त्या डाव्या सीटमध्ये ती सतरा किलोचीच राहील, पट्ट्यावर आदळलेली, डोळे थोडेसेच मिटलेली. आई म्हणून कस्तुरीनं तिला कुठंकुठून उचलून घेतलं होतं, झोपाळ्यावरून, पाण्यातून, तापातून. तिथून तिला उचलता येत नव्हतं.

तिनं पत्रिका पाठवून दिली.

खाली आवारात मोटरसायकल सुरू झाली. खिडकीतून तिला दिसलं, धैर्यशीलनं तात्यांपाशी गाडी थांबवली, काहीतरी सांगितलं. तात्या उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले. उपरणं त्यांच्या खांद्यावरून घसरून पायरीवर पडलं, ते त्यांनी उचललं नाही. धैर्यशील फाटकातून बाहेर पडून ठाण्याच्या दिशेला वळला. त्यानं मागं बघितलं नाही, आणि या वेळी कस्तुरीला ते बरं वाटलं. बघितलं असतं तर तिनं कदाचित हाक मारली असती.

जिन्यावर टपटप पावलं वाजली. रुंजी आली. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, ओठांवर उप्पिटाचा दाणा. उलटे घातलेले बूट. ती सरळ येऊन आईच्या मांडीवर चढली आणि पडद्याकडे बघायला लागली. पडद्यावर आता फक्त एक हिरवी खूण होती.

"बाबा कुठं गेला?"

"कामाला गेलाय, बाळा."

"तात्या रडतायत."

"हो."

"बाबानं मला पापी दिली. खूप वेळ दिली. आणि म्हणाला, तू पिवळ्या गाडीत बसलीच नव्हतीस. कधीच नव्हतीस. म्हणून दाखव. मी म्हणून दाखवलं." तिनं आईच्या मंगळसूत्राची वाटी बोटात धरून फिरवली, उलटी, सुलटी.  "बांगड्यांचं पण सांगायचं नाही म्हणाला."

कस्तुरीनं तिच्या ओठांवरचा दाणा काढला. एक बूट काढला, दुसरा काढला. सरळ करून पायात घालायला घेतला. पाऊल तिच्या तळहातात मावत होतं, अजून मावत होतं.

रुंजीनं मान मागे टाकून खालून आईच्या तोंडाकडे बघितलं.

"आई, मला कुणी विचारलं तर मी खरं सांगू, का बाबानं शिकवलंय ते?"